आयरिश फेरीबोटीवरची पितळी दांडी

कतारमध्ये काय करता, असं गावाकडे कुणी विचारलं की मी सांगतो, "दरवाजे दुरुस्त करतो." समोरचा माणूस जरा हिरमुसतो. त्याला गॅस, तेल, निदान उंच इमारती तरी ऐकायच्या असतात. पण बावीस वर्षं मी खरंच दरवाजेच दुरुस्त करतोय. फक्त ते बोटींचे आहेत, आणि त्यांतला एखादा पडला तर खालचा ट्रक चपटा होईल एवढा जड असतो.

आमची गोदी दोह्याच्या उत्तरेला, बसने तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे बहुतेक गॅस वाहून नेणारी मोठी जहाजं येतात. त्यांच्याशी माझा फारसा संबंध येत नाही. माझ्या वाट्याला येतात त्या गाड्या पोटात घेणाऱ्या बोटी. अशा बोटीला मागे रॅम्प असतो, म्हणजे खाली सोडता येणारा लोखंडी पूल. काहींना पुढेही तोंड असतं. मागून चढलेला ट्रक पलीकडच्या बंदरात पुढून उतरतो, त्याला रिव्हर्स घ्यावा लागत नाही. हे सगळं तेलाच्या दाबावर हलतं. बंद झाल्यावर रबराची पट्टी आणि लोखंडी कड्या पाणी बाहेर ठेवतात. त्यात पुढचं तोंड सगळ्यात धोक्याचं, कारण बोट लाटांवर आदळते ती त्याच बाजूने. गाड्यांचा मजला मोकळा, मध्ये भिंत नाही. पाणी आत आलं की एका अंगाला धावतं आणि बोट कलंडते. म्हणून आमच्या कामात 'जवळजवळ बंद' असं काही नसतं. दरवाजा बंद असतो, नाहीतर उघडा असतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकदा ईदच्या तोंडावर मेंढ्यांची बोट आली. रॅम्प अर्ध्यावर अडकलेला, आत मेंढ्यांचा कल्लोळ, आणि धक्क्यावर मालकाचा माणूस दर मिनिटाला 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला चला, करतोय. मी तेलाच्या नळ्या तपासल्या, पंप तपासला, सगळं ठीक. शेवटी बिजागरीत हात घातला, तर लोकर आणि लेंड्या दाबून दाबून नमद्यासारखा थर झालेला. खुरप्याने उकरून काढला आणि रॅम्प लोण्यासारखा खाली आला. पुढे तीन दिवस बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसलं नाही.

असे किस्से मी दर जत्रेला गावी सांगतो, लोक हसतात. आयरिश बोटीचं काम मात्र मी घरातही नीट सांगितलेलं नाही. इथल्या मराठी मंडळाचे लोक दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काहीतरी लिहून द्या म्हणून मागे लागलेत, तर तेच लिहितो.

ही बोट आयर्लंड आणि वेल्स यांच्यामध्ये तीसेक वर्षं ये-जा करत होती. तीन-साडेतीन तासांचा प्रवास. आयर्लंडचे ट्रक तिच्यातून ब्रिटनला उतरायचे, रस्त्याने ब्रिटन ओलांडायचे, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर दुसऱ्या फेरीत बसून फ्रान्सला जायचे. मग ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं. त्याच वाटेवर आता कागद दाखवा, शिक्के घ्या, रांगेत थांबा. ट्रकवाल्यांना ते परवडेना. आयर्लंडहून थेट फ्रान्सला जाणाऱ्या बोटी वाढल्या. वेळ जास्त, पण मध्ये कुणी अडवत नाही, आणि ड्रायव्हरची झोपही होते. फेरीवाल्या कंपन्यांनी त्यासाठी नव्या बोटी बांधायला टाकल्या. लांबच लांब, ट्रकांचे मजलेच्या मजले, वर ड्रायव्हरांना झोपायला खोल्या. आमच्या बोटीत खोल्या नव्हत्याच, नुसत्या खुर्च्या आणि एक कॅफेटेरिया. आधी ती फक्त उन्हाळ्यात चालवली, मग बांधून ठेवली, मग विकली. कतारच्या एका कंत्राटदाराने ती घेतली ती समुद्रातल्या कामावरच्या मजुरांना राहण्यासाठी. बोट आता कुठे जाणार नव्हती. एका जागी नांगरून तिची चाळ होणार होती.

हे सगळं मला डेक्लनने सांगितलं. तो तिच्यावरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. साठी ओलांडलेला, रुंद हाडाचा, ऊन लागलं की कानांपासून लाल होत जाणारा. बोट विकली तेव्हा तिची यंत्रं समजावून द्यायला जुन्या मंडळींपैकी कुणीतरी तीन महिने सोबत यावं, असं ठरलं होतं. तो स्वतःहून आला. नव्या बोटीवर त्याला जागा देत होते, ती त्याने घेतली नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, "समुद्र तोच आहे, नुसते कागद बदलले. त्या कागदांसाठी मी म्हातारीला सोडू?" बोटीला तो म्हातारी म्हणायचा. पुढे आम्हीही म्हणू लागलो.

उन्हाळ्यात इथे भर दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते. साडेतीनपर्यंत सगळे सावलीत. गोदीतल्या शेडपेक्षा म्हातारीच्या कॅफेटेरियात बरं वाटायचं, कारण तिथलं एसी अजून चालू होतं. मी डबा घेऊन तिथे जायचो. डेक्लन आधीच आलेला असायचा आणि चहा करत असायचा. टेबलाशी बसायचा नाही. काउंटरच्या आत जाऊन उभा राहायचा, जिथे चहा देणारी माणसं उभी राहतात तिथे. काउंटरला आतल्या बाजूने कमरेच्या उंचीवर एक पितळी दांडी होती, बोट हलली की धरायला. डेक्लन एका हातात कप घ्यायचा आणि दुसरा हात त्या दांडीवर ठेवायचा, नेहमी एकाच जागी.

पहिला महिना मी काही विचारलं नाही. मग एकदा त्याने आपणहून मला आत बोलावलं आणि त्या जागेवर हात फिरवायला सांगितलं. दांडी तिथे झिजून बारीक झाली होती, ऊस मध्येच सोलल्यासारखी.

"मॉराचा हात," तो म्हणाला.

मॉरा त्याची बायको. ती याच काउंटरवर कामाला होती, इथेच दोघांची ओळख झाली, आणि लग्नानंतरही वीस वर्षं ती इथेच चहा देत होती. तो खाली गाड्यांच्या मजल्यावर, ती वर. हवा खराब असली की प्रवासी माना टाकून पडायचे आणि ही एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने कप भरत राहायची. तो इकडे येण्याआधी दोन वर्षं ती वारली होती. घरात तिची आठवण होईल असं खूप काही आहे, तो म्हणाला, पण तिचा हात जिथे असायचा ती जागा फक्त इथे आहे.

मला बोलता येत नाही अशा वेळी. मी माझ्या डब्यातली कोळंबीची भाजी त्याच्यापुढे सरकवली. तिखटाने त्याचे डोळे पाण्याने भरले. दोघांनाही ते सोयीचं झालं.

जुलैच्या मध्यावर प्रोजेक्ट मॅनेजरने कामाचा तक्ता हातात दिला. कॅफेटेरिया काढून तिथे बंकांच्या खोल्या करायच्या होत्या. काउंटर, खुर्च्या, भिंतीवरचं लाकूड, सगळं रविवारच्या आत बाहेर. खरं म्हणजे ते माझं काम नव्हतं, पण माणसं कमी होती आणि त्या आठवड्यात माझी टोळी मोकळी होती. कोणत्या दिवशी काढायचं ते माझ्यावर सोडलं होतं.

डेक्लनला तक्त्याबद्दल माहीत होतं की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही. इथे चर्चही शुक्रवारीच भरतं, म्हणून तो शुक्रवारी सकाळी दोह्याला चर्चमध्ये जायचा आणि दुपारनंतर परतायचा. मी मनाशी ठरवलं की शुक्रवारीच काढून टाकू. त्याच्या डोळ्यांदेखत काउंटरवर करवत चालवायची आणि तो बाजूला उभा, हे मला बघवलं नसतं. त्यालाही बघवलं नसतं, असं मी धरून चाललो. आल्यावर रिकामी जागा दिसेल, वाईट वाटेल, पण एकदाच. मला वाटलं, मी त्याच्यावर उपकार करतोय.

शुक्रवारी चार तासांत सगळं निघालं. माणसांना घाई होती, जुम्याची नमाज आणि जेवण गाठायचं होतं. काउंटर तीन तुकड्यांत कापून खालच्या भंगाराच्या पेटीत टाकलं. दांडीही त्यातच गेली. ती वेगळी काढून ठेवावी, एवढं मला सुचायला हवं होतं. खरं लिहायचं तर सुचलं होतं, पण ठेवली तर त्याच्या हातात द्यावी लागेल आणि देताना काहीतरी बोलावं लागेल, म्हणून मी ते मनातून बाजूला सारलं. शनिवारी सकाळी पेटी उचलून नेली.

डेक्लन शुक्रवारी दुपारी परतला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, तसाच वर आला. मी दाराशी होतो. तो आत गेला आणि जिथे काउंटर होतं तिथे थांबला. जमिनीवर बोल्टांची भोकं होती. त्याने मला विचारलं, दांडी कुठे आहे. मी म्हणालो, सगळं सामान खाली गेलंय, बघतो. त्या क्षणी पेटी अजून धक्क्यावरच होती. मी तिथल्या तिथे खाली धावायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघून मी म्हणालो की उद्या शोधून देतो. तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा पेटीची जागा रिकामी होती. भंगाराची गाडी चालवायचा जाधव. बीड जिल्ह्यातला माणूस, बरवा अल बराहा या मजुरांच्या वसाहतीत राहायचा, माझ्या ओळखीचा. त्याला फोन केला आणि संध्याकाळी त्याच्यासोबत इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारवाल्याकडे गेलो. लोखंडाच्या ढिगात काउंटरचा पत्रा सापडला. पितळ नाही सापडलं. पितळ लोक आधी वेगळं करतात. जाधवने तिथल्या माणसाशी हिंदीत बोलून घेतलं आणि माझ्याकडे आला.

"सुर्वेसाहेब, ते दुपारीच दाबलं म्हनतोय. ठोकळे झालेत बघा."

भिंतीला लावून पितळेचे चौकोनी ठोकळे रचले होते. नळ, कड्या, पाइप, सगळं एकमेकांत चेपलेलं. त्यांतल्या कुठल्यातरी ठोकळ्यात ती दांडी होती. मी वाकून दोन-तीन ठोकळे निरखलेही. जाधव शेजारी उभा होता, पण एवढं काय होतं त्यात, असं त्याने विचारलं नाही. परत येताना त्याने गाडी अल मन्सूराकडे घेतली आणि मला जबरदस्तीने जेवायला लावलं.

आता पुढचं लिहायला लाज वाटते. म्हातारीवर तशाच पितळी दांड्या आणखी होत्या, जिन्याला, खलाशांच्या भोजनगृहाच्या दाराला. त्याच जाडीच्या, त्याच काळातल्या. रविवारी सकाळी मी जिन्याची एक दांडी सोडवली, हातभर तुकडा कापला आणि वर्कशॉपमध्ये शिकंज्यात अडकवला. मी फिटर आहे. वीस वर्षांच्या हाताची झीज अर्ध्या तासात काढून देणं मला सहज जमतं. आधी कानस, मग बारीक पॉलिश पेपर, मग जरा तेलाचा हात. डेक्लनला कळलं नसतं. तुकडा हातात घेऊन तो रडला असता आणि मला धन्यवाद म्हणाला असता.

मी कानस लावलीही. पाच-सहा वेळा फिरवली. पितळेचा भुगा बोटांना लागला. आणि मला माझा भाऊ आठवला.

माझी आई गेली तेव्हा मी इथेच होतो. तीन आठवडे ती रत्नागिरीला दवाखान्यात होती. मी रोज फोन करायचो आणि धाकटा भाऊ रोज सांगायचा, बरी आहे, आता झोपलीय, उद्या बोलेल. पाठीमागे दवाखान्याचे आवाज यायचे, ते टीव्हीचे आहेत म्हणायचा. तिला अग्नी देऊन घरी आल्यावर त्याने मला फोनवर खरं सांगितलं. मी पहिल्या विमानाने गेलो. ओटीवर सगळे बसले होते. मी भावाला फक्त एवढंच विचारलं, का? तो म्हणाला, "दादा, तुला तरास नको म्हणून. तकडे एकटा काय केला आसतास तू?" तो खोटं बोलत नव्हता. माझ्यावरच्या मायेपोटीच त्याने ते केलं होतं. म्हणून मला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही, आणि इतकी वर्षं झाली तरी ते मनातून जातही नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत ती माझं नाव घेत होती की नाही, हे मी आजवर त्याला विचारू शकलेलो नाही.

मी तुकडा शिकंज्यातून काढला. हात पुसले आणि डेक्लनच्या केबिनकडे गेलो. सगळं सांगितलं. शुक्रवार मी मुद्दाम निवडला, पेटी समोर असताना खाली गेलो नाही, आणि आत्ता मी खोटी दांडी करायला बसलो होतो, हेही सांगितलं. तो पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होता.

तो म्हणाला, "ती मीच काढली असती. माझ्या हाताने. त्यासाठीच मी इथवर आलो होतो. मला फक्त विचारायचं होतंस."

मी माफी मागितली. त्याने मान हलवली. माफ केलं की नाही ते त्यातून कळलं नाही. त्यानंतर दहा-बारा दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. दुपारी आता बसायला जागाही नव्हती. मी शेडमध्ये डबा खायचो, तो त्याच्या केबिनमध्ये.

शेवटी पुढच्या तोंडाचं काम आलं. बोट आता चालणार नव्हती, म्हणून पुढचा दरवाजा कायमचा वेल्ड करून टाकायचा होता. हे माझं खास काम. या वेळी मी आधी डेक्लनकडे गेलो. म्हणालो, मंगळवारी करायचं आहे, पण तुला दुसरा दिवस हवा असेल तर मी मॅनेजरशी बोलतो. तू तिथे असावंस की नसावंस, तूच सांग. तो म्हणाला, मंगळवार चालेल, मी असेन.

मंगळवारी पहाट सरल्यावर, ऊन चढायच्या आत, आम्ही दोघं कंट्रोलपाशी उभे राहिलो. त्याने दरवाजा शेवटचा उघडला. समोर धक्का, पलीकडे पांढरट समुद्र आणि दूर गॅसच्या ज्वाला. तो सांगत होता की हिवाळ्यात हे तोंड उघडलं की आत पावसाचा झोत यायचा आणि पहिल्या ट्रकचे दिवे पेटायचे. मग त्याने विचारलं, त्या दिवशी कानस का थांबवलीस? मी आईचं सांगितलं. माझ्या इंग्रजीत ते धड सांगता आलं नसावं, पण त्याला कळलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने दरवाजा बंद केला, आणि सगळ्या कड्या बसल्याचा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबला. मग बाजूला झाला. वेल्डिंगचा पहिला टाका मी मारला. तो शेवटपर्यंत तिथेच काळी काच डोळ्यांपुढे धरून बसला होता.

ऑगस्टअखेर तो घरी गेला. सणावाराला निरोप यायचे. बंदराचे फोटो पाठवायचा, नव्या लांबलचक बोटीचेही. ती देखणी आहे, पण तिच्यात आपलं कुणी नाही, असं त्याने एकदा लिहिलं होतं.

यंदाच्या वसंतात त्याचा फोन आला. निरोप नाही, फोन. फुफ्फुसाचं दुखणं आहे आणि ते बरं होणारं नाही, हे त्याने पहिल्या दोन वाक्यांत सांगितलं. मग म्हणाला, "मुलीच्या आधी कुणाला सांगितलं नाही. तिच्यानंतर तुलाच सांगतोय. तुला मागाहून कळलेलं चालणार नाही, हे मला माहीत आहे."

त्यानंतर दर शुक्रवारी आम्ही व्हिडिओवर बोलायचो. कधी दहा मिनिटं, कधी दोनच. तो काय खाल्लं ते सांगायचा, मी कोणती बोट आली ते सांगायचो. मेंढ्यांची गोष्ट त्याला मी तीनदा सांगितली. शेवटचे दोन शुक्रवार त्याला बोलवत नव्हतं. तो नुसता बघायचा आणि मी बोलत राहायचो, मराठीतसुद्धा.

तो गेला त्याच तासाला मुलीने कळवलं. तीन दिवसांनी चर्चमधली प्रार्थना फोनवर दिसेल अशी सोय केली होती. इथली दुपारची सुट्टीची वेळ होती. मी वर्कशॉपमध्ये फोन पंपाला टेकवून ठेवला आणि समोर स्टुलावर बसलो. लहानसं दगडी चर्च, छत्र्या घेऊन आलेली माणसं, पुढे लाकडी पेटी. पाद्री बोलले ते मला फारसं समजलं नाही. मग मुलगी उभी राहिली. जे येऊ शकले नाहीत पण बघताहेत, त्यांची नावं तिने कागदावरून वाचली. कॅनडातला भाऊ, वेल्समधले दोन सोबती, आणि मग "कतारहून सुरवी".

मी स्टुलावरून उठलो. डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. चौघांनी पेटी उचलली आणि ती दारातून बाहेर जाईपर्यंत मी तसाच उभा राहिलो. नंतर पडद्यावर नुसते रिकामे बाक दिसत होते. साडेतीनचा भोंगा झाला, माणसं आत येऊ लागली. कुणीतरी विचारलं, सुर्वेसाहेब, कोण गेलं? मी त्यांना डेक्लनचं नाव सांगितलं, आणि तो कोण होता ते सांगायला बसलो.